आग्रहाचा घास

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना मारलं आहे. जिवानिशी नव्हे, पण हातानं, पट्ट्यानं आणि एकदा तर लेथच्या पान्यानं. आमच्या घरात मारणं हे बोलण्याइतकंच रोजचं होतं. वडील होते तोवर आईला मारायचे, आई मला मारायची, आणि मी मोठा झाल्यावर घराबाहेर हात मोकळे करून घ्यायचो. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी लेथवर कामाला होतो. तिथं माझ्या वाटेला कुणी जात नसे, आणि याचा मला अभिमान होता. आता कपबशी धरली तरी चहा बशीत सांडतो, आणि ज्यांना मारलं त्यांतले निम्मे वर गेले. त्यांच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, काहींनी मार खाण्यासारखंच केलं होतं. वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं, आणि ती करताना मी कुणावर हात उगारलासुद्धा नव्हता. मी माझ्या बायकोला एक घास भरवला होता.

ती राधानगरीकडची. तिच्या माहेरी भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं, ओढ्यातले मासे. शेंगदाणा तिकडं बाजारातनं कधी आला तर आला. आमच्या घरी मात्र शेंगदाण्याशिवाय पान हलत नसे. भाजीत कूट, आमटीत कूट, खर्ड्यात दाणे, भाकरीबरोबर दाण्याची चटणी आणि फोडणीला घाण्यावरचं शेंगतेल. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला आमचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत तिच्या अंगावर पित्त उठायला लागलं. मांडीवर, पाठीवर, पोटावर लालभडक गांध्या. खाजवून खाजवून ती रक्त काढायची. कधी ओठ सुजायचे, कधी पापण्या. एकदा सकाळी उठली तर दोन्ही डोळे मिटलेले, काही केल्या उघडेनात. आईनं आमसुलाचं पाणी चोळलं, गेरू लावला, काळ्या घोंगडीत गुंडाळून दिवसभर निजवलं. पेठेतल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ती चुलीपुढं बसल्या जागी पेंगायची आणि आईचं डोकं फिरायचं.

"डॉक्टर अलर्जी म्हंत्यात," मी आईला सांगितलं.

"म्हंजे काय रं?"

"एकादं अन्न अंगाला मानवत न्हाई."

"आमचं अन्न मानवत न्हाई म्हण की सरळ! मोठी राजाची लेक लागून गेली. सोंगं हाईत सगळी."

मलाही ते सोंगच वाटायचं. माणूस गहू खातो, ज्वारी खातो, मटण खातो. दाण्यानं कुणाला काय होतंय? जगातली सगळी गावं शेंगा खातात. असं माझं ज्ञान होतं आणि ते मी तिला मोठ्या आवाजात सांगायचो.

शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी कुरुंदवाडच्या एका वैद्यांचं सांगितलं. मी तिला एसटीत घालून नेलं. तिच्यासाठी थोडं, आणि तिच्या पेंगण्यावरून घरात रोज पेटणारं भांडण एकदाचं विझावं म्हणून जास्त.

वैद्य सत्तरीचे, किडकिडीत, पण आवाज तालमीतल्या वस्तादाचा आणि मांडीशेजारी वेताची काठी. आमच्या आधी एक शेतकरी बसला होता. त्याच्या गालफडात तंबाखू दिसली तशी वैद्यांनी त्याच्या कमरेची चंची हिसकली आणि अंगणात भिरकावली. "आता तिच्यामागं तूही जा," ते म्हणाले, "आणि ती सोडल्यावर ये." तो माणूस निमूट गेला. मला वैद्य तिथल्या तिथं आवडले. म्हटलं, हा आपल्या जातकुळीचा दिसतोय.

त्यांनी तिची नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. मग तासभर नुसते प्रश्न. काय खाल्लं, कधी खाल्लं, ढेकर आंबट येते का, पोट साफ होतं का. ती खाली मान घालून उत्तरं देत होती. मधेच त्यांनी विचारलं, "मुली, तू भूक लागल्यावर जेवतेस की यांचं सगळ्यांचं झाल्यावर?"

आमच्याकडं बायका दुपारी तीनला जेवायच्या, उरलेलं, गार. कधी सकाळचं, कधी कालचं. यात काही विशेष आहे असं मला तोवर वाटलेलंच नव्हतं.

"चुलीत ओली लाकडं कोंबायची आणि भात शिजत नाही म्हणून चुलीला शिव्या द्यायच्या, असं चाललंय तुमचं," वैद्य माझ्याकडं बघून म्हणाले. "पोटातला अग्नी विझत आलाय हिच्या. आधी तो पेटवू. मग कुठलं अन्न हिचं वैरी आहे ते शोधू."

त्यांनी सांगितलेलं पथ्य मला अजून तोंडपाठ आहे. पहिले तीन दिवस भाताची पेज आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी. पुढं मुगाचं कढण. मग मऊ भात, त्यावर तूप. मग दर तीन दिवसांनी एकच नवा पदार्थ, आणि अंगाकडं लक्ष ठेवायचं. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून, जेवणानंतर जिरं घातलेलं ताक. आधीचं पचल्याची स्वच्छ ढेकर आल्याशिवाय पुढचं जेवण नाही. रात्री दही बंद, दूध आणि केळं एकत्र बंद, शिळं तर कायमचं बंद. "आणि वांगं, सुकी मासळी, अंडं, शेंगदाणा सगळ्यात शेवटी," ते म्हणाले. "शेंगदाणा तर इथंच, माझ्यासमोर. घरी कुणी शहाणपणा करायचा नाही."

सहा आठवडे घरात भांड्यांचं युद्ध चाललं. आई पातेली आपटायची, मी ओरडायचो, आणि ती एका कोपऱ्यात शेगडीवर आपली पेज शिजवायची. पण अंग स्वच्छ झालं. कितीतरी महिन्यांनी मी तिची पाठ बिनगांध्यांची बघितली. दह्यानं थोडी खाज आली, वांग्यानं थोड्या गांध्या उठल्या. ते तिनं आपणहून बाजूला ठेवलं. शेवटी शेंगदाण्याची पाळी आली तेव्हा आम्ही पुन्हा कुरुंदवाडला गेलो.

वैद्यांनी शेजारच्या डॉक्टरला आधीच बोलावून बसवलं होतं. अर्धा दाणा सहाणेवर उगाळला आणि बोटाच्या टोकानं तिच्या खालच्या ओठाला लावला. एवढंच. ते हात धुऊन येईपर्यंत तिचा ओठ पुरीसारखा फुगला. मग तिला ढास लागली. मग मानेवर, छातीवर लाल चट्टे धावत सुटले आणि ती गळा धरून माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरनं घाईनं सुई टोचली. वैद्य तिची नाडी धरून बसले.

ती सावरल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"बाकीचं मी सांभाळीन. पचन सुधारेल तसं दही, वांगं सगळं हळूहळू सोसेल. पण हे नाही. यावर माझ्याकडं औषध नाही, आणि असल्याची थाप मी मारणार नाही. एक दाणा, चिमूटभर कूट, त्या तेलातली फोडणी, काही म्हणजे काही चालणार नाही. हिचा घसा मिटेल आणि ही मरेल. कळलं?"

"व्हय," मी म्हणालो.

आणि मला कळलं होतं. म्हणूनच पुढचं मी स्वतःला माफ करू शकत नाही.

घरात करडईच्या तेलाचा वेगळा डबा आला, तिची कढई वेगळी, पळी वेगळी. आई दिवसातनं चारदा म्हणायची, एका घरात दोन तेलं कुणी ऐकलीत का. पण ते सात-आठ महिने आमच्या लग्नातले सगळ्यात चांगले दिवस होते. तिचे गाल भरले. ती हसायला लागली, उलट उत्तरं द्यायला लागली. रविवारी आम्ही रंकाळ्यावर जायचो, आणि मी भेळ खाताना ती हातभर लांब बसून तिच्या माहेरच्या पावसाच्या गोष्टी सांगायची. मला ती फार आवडायची. हे मी तिला कधी बोललो नाही, ते बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लेथ धुऊनपुसून हार घालतात, गुलाल उधळतात आणि दुपारी सगळ्या कामगारांचं बायकापोरांसह जेवण. त्या वर्षी मटण, तांबडा रस्सा आणि भाकरी. लोखंडाचा चुरा झाडून जमिनीवर बसायला पट्ट्या टाकल्या होत्या. समोरासमोर दोन पंगती बसल्या. माझी बायको माझ्यासमोरच्या पंगतीत बसली आणि तिनं पिशवीतनं आपला डबा काढला. मूगभात, वर तूप.

आमचा मिस्त्री वाढायला होता. तो तिच्यापुढं थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "वैनी, आमच्या हातचं चालत न्हाई व्हय? का आमी बाटगं?"

"तसं न्हाई, दादा. मला पथ्य हाय," ती म्हणाली.

"यंत्राच्या सणाला पथ्य? अवं, हे बघा की तुमचं घरचं माणूस! मिस्त्रीला दाबात ठेवतंय आन बायकोपुढं मांजर!"

सगळी पंगत हसली. कुणीतरी मांजराचा आवाज काढला. आमच्याकडं पंगतीतला आग्रह ही थट्टेची गोष्ट नसते. पाहुण्याचे हात धरून तोंडात जिलेबी कोंबतात, तो गुदमरला की टाळ्या वाजवतात, आणि जो नको म्हणून उठतो त्याचं नाव वर्षभर निघतं. मी स्वतः कितीजणांना असं कोंबलं होतं. त्या क्षणी दाणा, दही, वैद्य, यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती एवढंच होतं.

मी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, उठलो आणि पंगत ओलांडून तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"खा."

"नगं. कशात काय घातलंय कुणास ठावं."

"मी भरवतोय न्हवं. खा!"

तिनं तोंड मिटलं आणि मान फिरवली. मी डाव्या हातानं तिचा जबडा धरला. वासराला औषध पाजताना गालफडं दोन्हीकडून दाबतात, तसं दाबलं. दातांच्या मधे फट पडली तसा घास आत लोटला आणि तळहात तोंडावर ठेवला. तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर वीतभरावर होते. तिनं गिळलं. पंगतीनं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, मिस्त्री "वा रं पठ्ठ्या" म्हणाला, आणि मी गुलालानं माखलेला, छाती काढून माझ्या जागेवर येऊन बसलो.

खोबरं कमी पडलं म्हणून आचाऱ्यानं रश्श्याला दाण्याचं कूट लावलं होतं. तांबड्या रश्श्यात दाणा नसतो असं मला वाटलं होतं, असं मी नंतर दवाखान्यात सांगितलं. खोटं सांगितलं. मला काहीच वाटलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

माझा पुढचा घास तोंडात जायच्या आत ती आडवी झाली. आधी उलटी, मग शिट्टीसारखा श्वास. चेहरा ओळखू येईना इतका सुजला, ओठ निळे पडले. बायका किंचाळत उठल्या, पत्रावळी तुडवल्या गेल्या. मी तिला उचललं आणि दारातल्या माल वाहायच्या टेंपोत लोखंडी ओतीव भागांवर ठेवलं. ड्रायव्हरला किल्ली सापडेना तेव्हा मी त्याला लाथ घातली. मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय चिठ्ठी काढा म्हणाला, त्याला भिंतीवर आपटलं. माझ्या हाताला तेवढंच येत होतं. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं, मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली आणि मला म्हणाल्या, "काय खाल्लं यांनी?"

"रस्सा."

"माहीत होतं यांना चालत नाही?"

"व्हय."

"मग खाल्ला कसा?"

मी भरवला म्हणून सांगितलं. तिच्या गालांवर माझी बोटं उठली होती, अंगठा एकीकडं आणि चार बोटं दुसरीकडं. बाईंनी त्या खुणांकडं बघितलं आणि मग माझ्या हाताकडं बघितलं.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर येऊन तिनं पाणी मागितलं. मी पेला पुढं केला तर तिनं तो घेतला नाही, नर्सकडून घेतला.

दुपारी तिचा धाकटा भाऊ राधानगरीहून आला. बहिणीजवळ पाच मिनिटं बसला आणि बाहेर ओट्यावर माझ्याकडं आला. "दाजी, पाया पडतो," म्हणाला आणि खरोखरच वाकून माझ्या पायाला हात लावला. मग सरळ उभा राहिला आणि माझ्या नाकावर ठोसा मारला. मी पडलो. "उठा, दाजी," तो म्हणाला, दंडाला धरून उठवलं आणि पुन्हा मारला. "ह्यो आईकडनं, दाजी. आन ह्यो माझ्याकडनं." शेवटपर्यंत त्यानं अहो-जाहो सोडलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मार परत केला नाही. नाकाचं हाड मोडलं ते आजही वाकडं आहे.

तो तिला माहेरी घेऊन गेला.

महिनाभरानं मी एकटाच कुरुंदवाडला गेलो. वैद्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तिला दाणा पचंल असं कायतरी जालीम औषध द्या. कितीबी कडू असू दे. म्हंजे परत अशी वेळ यायला नगं."

वैद्यांनी काठी उचलली आणि माझ्या खांद्यावर, पाठीवर, मांडीवर सपासप पाच-सहा ओढल्या. वय झालं होतं तरी लागल्या. "तिला औषध? तिला?" ते किंचाळत होते. "तिनं सहा आठवडे पेज पिऊन काढले. तुला एक दुपार निभावली नाही! ऊठ माझ्या ओसरीवरून."

मी घरी आलो तो डोक्यात राख घालूनच. आई उखळात दाणे कुटत बसली होती. मी उखळ लाथेनं उलथवलं. फडताळातली शेंगतेलाची चिनी मातीची बरणी उचलून भिंतीवर फोडली. दाण्यांचं पोतं रस्त्यावर ओतलं, गल्लीतल्या शेळ्या धावत आल्या. आई ऊर बडवत दारात उभी राहून सगळ्या पेठेला सांगत होती, "बायकूसाठी आईच्या अंगावर आला गं माझा!" मला वाटत होतं, मी प्रायश्चित्त घेतोय. त्याच तिरमिरीत मी मेव्हण्याला पत्र टाकलं, घरात आता दाणा उरला नाही.

ती चार महिन्यांनी आली. भाऊ दारापर्यंत सोडून गेला. तिनं घरभर फिरून डबे उघडून बघितले. भिंतीवर तेलाचा एवढा मोठा डाग होता.

"ह्ये काय?"

"बरणी फोडली. तुझ्यासाठी."

"फोडली कशाला?" ती म्हणाली. "कुणाला तरी द्यायची हुती."

आई तिच्याशी पंधरा दिवस एक शब्द बोलली नाही. मग आईला गॅसनं छातीत धरलं, तेव्हा तिनं आल्याचा तुकडा सैंधव लावून आईपुढं ठेवला. आईनं तो खाल्ला, दुसऱ्या दिवशी स्वतः मागितला, आणि महिन्याभरात जेवणाआधी आलं आणि नंतर ताक हा जणू आपल्या माहेरचाच रिवाज आहे असं शेजारणींना सांगायला लागली. घरात करडईचं एकच तेल राहिलं. जेवणं बाराला, सगळ्यांनी एकदम बसून. ती तब्येतीनं पुन्हा उभी राहिली. माझ्याशी बोलायची, माझे कपडे धुवायची, माझ्याशेजारी निजायची. पण माझ्या हातून ती काहीही तोंडात घ्यायची नाही. मी पाणी आणून दिलं तर खाली ठेवायला सांगायची आणि मग उचलायची. मी ते बघत होतो.

दीड-दोन वर्षांनी माझ्या मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, साठीचा, हत्तीसारखा देह, आणि आग्रहाला तालुक्यात प्रसिद्ध. लग्नात वाढपी बाजूला सारून स्वतः लाडवांचं ताट घेऊन पंगतीत उतरायचा. पुरुषांच्या पंगतीत मी बसलो होतो, समोर बायकांच्या पंगतीत माझी बायको आणि तिचा डबा. मामा एकेकाच्या तोंडात बुंदीचा लाडू कोंबत येत होता. बुंदी कुठल्या तेलात तळली ते मला माहीत होतं. मांडवामागं शेंगतेलाचे डबे मी स्वतः बघितले होते. तो तिच्याजवळ आला.

"सूनबाई, आज न्हाई म्हणायचं न्हाई!" तो गरजला आणि वाकला. लाडू त्याच्या बोटांत होता.

मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही. पत्रावळींवरून, वाट्यांवरून धावत गेलो आणि मामाच्या तोंडावर सगळ्या ताकदीनं ठोसा मारला. ताट खणखणत गेलं. मामा बायकांच्या अंगावर कोसळला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ आला. मग मामाच्या पोरांनी आणि भाचेजावयांनी मला खाली घेतलं, आणि सांडलेल्या आमटीत लोळवून तुडवलं. नवरीनं बोहल्याच्या बाजूनं टाहो फोडला. आई, सख्ख्या भावाचं रक्त बघून, चप्पल काढून मला मारायला आली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट अंगभर मार खाताना मला एवढं बरं वाटत होतं, की आज आपण तिचा जीव वाचवला, आज फिटलं.

गर्दी पांगली तेव्हा मी डोकं वर केलं. माझी बायको मामाजवळ बसली होती. तिनं कुणाला तरी कोमट पाणी आणि मीठ आणायला सांगितलं.

"मामा, तोंड उघडा बघू," ती म्हणाली.

एवढा मोठा माणूस, त्यानं लहान मुलासारखं तोंड उघडलं. पुढचा एक दात पडला होता, एक हलत होता. तिनं त्याला गुळण्या करायला लावल्या, रक्त थांबेपर्यंत हिरडीवर कापूस दाबून धरला. मग आपला डबा, पिशवी घेतली आणि मला म्हणाली, "चला."

पंचगंगेच्या रस्त्यानं आम्ही ऊन डोक्यावर घेऊन चालत निघालो. ती पुढं, मी मागं लंगडत. शेवटी माझ्यानं राहवेना.

"तुझ्यासाठीच मारलं," मी म्हणालो. "लाडू तोंडात गेला असता तर?"

ती थांबली. वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"मी तोंड मिटलं हुतं," ती म्हणाली. "मान फिरवून न्हाई म्हणलं हुतं. मामांनी बघितलं आन हात मागं घेतला. 'ऱ्हाऊ दे पोरी' म्हणलं. त्येच्यानंतर तुमी आलासा."

"मला दिसलं न्हाई."

"व्हय. मामा एवढं आडदांड माणूस, पर थांबलं. थांबला न्हाईसा ते तुमी. त्या दिवशी बी, आन आज बी."

मी डोळ्यांपुढं आणून बघितलं. मामाचा हात खरोखरच ताटाकडं वळलेला होता, आणि लाडू त्यानं ताटात ठेवला होता.